मेस्काल म्हणजे निवडुंगाची दारू?

प्रश्न : स्पॅनिशमधला एक प्रवासलेख मराठीत आणते आहे. त्यात मेस्काल, अग्वार्दियेंते, ओरुखो असे शब्द सारखे येतात. मेस्कालला मी 'निवडुंगाची दारू' केलंय आणि अग्वार्दियेंतेला 'अग्निजल'. दुसऱ्याबद्दल माझीच खात्री नाही. सुचवा.

उत्तर : आधी पहिलाच शब्द बदला. मेस्काल निवडुंगाची नव्हे, घायपाताची. शेताच्या बांधावर लावतात, पानं कुजवून वाख काढतात, दोर वळतात, ते घायपात. निवडुंगाशी त्याचं नातं फक्त काट्यांपुरतं. मेक्सिकोत घायपाताच्या बऱ्याच जाती दारूसाठी वापरतात. मूळ नावातच कृती आहे : तिथल्या नाहुआत्ल भाषेत 'मेट्ल' म्हणजे घायपात आणि 'इश्कल्ली' म्हणजे भाजलेलं. पानं छाटली की उरलेला गड्डा अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला म्हणतातही 'पिन्या', अननसच. तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात तो मातीखाली काही दिवस भाजतात, मग ठेचून आंबवतात आणि भट्टी लावतात. मेस्कालला धुराचा वास असतो तो या खड्ड्यातला.

तकीला हीसुद्धा घायपाताचीच, पण फक्त निळ्या जातीची. पूर्वी तिला तकीला गावची मेस्कालच म्हणत. 1974 मध्ये तकीलाला आणि 1994 मध्ये मेस्कालला नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं, तेव्हापासून दोन्ही नावं वेगळी.

प्रश्नकर्ती : घायपात! आजोळी कुंपणाला होतं की. आणि अग्निजल?

उत्तर : अग्निजल हे पौराणिक मालिकेतलं अस्त्र वाटतं. 'अग्वा' पाणी, 'आर्दियेंते' जळतं, हे खरं. पण बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी ना पाणी असतं ना आग. कोलंबियात तर त्याचं 'ग्वारो' करून टाकलंय. तिथली उसाची आणि बडीशेपेच्या वासाची असते, स्पेनमध्ये द्राक्षाचीही असते. शब्द एक, माल वेगळा. सरळ 'दारू' लिहा. आपल्या दारूत आग आहेच, दारूगोळ्यातली दारू हीच! फारसीत ती औषधही होती.

आणखी एक उत्तर : सगळीकडे दारू लिहिलं तर बिअरसुद्धा त्यातच जाईल. 'भट्टीची दारू' म्हणावं. ओरुखोचं मात्र सोपं आहे. द्राक्षं पिळून उरलेला चोथा म्हणजे ओरुखो, आणि त्याची दारूही ओरुखोच. स्पेनच्या गलिसियात प्रसिद्ध आहे. पहिल्यांदा 'चोथ्याची दारू' सांगा, पुढे ओरुखोच ठेवा.

उत्तर : 'भट्टीची' मान्य. लेखात 'पुंतास' आलं तर तळटीप नको. भट्टीतून सुरुवातीला उतरते ती जहाल मेस्काल. मराठीत तिला शब्द तयार आहे : पहिल्या धारेची.

प्रश्नकर्ती : आलंय, तिसऱ्याच पानावर. मी 'टोकं' लिहिलं होतं. खोडते.