मदत हवी आहे: वजन वाढलं तरी भाचीला भरती करा म्हणतात

बहिणीच्या पोरीला कुपोषण आहे, १४ दिवस भरती करा म्हणून अंगणवाडीताई रोज घरी येतात. पण या महिन्यात तर वजन वाढलं, मग भरती काहून? कापूस वेचणी सुरू आहे, दोघंही मजुरीवर, १४ दिवस बसले तर खायचं काय. घरीच काय देता येईल ते लवकर सांगा.

कास्तकार७१: पोरगी किती महिन्यांची? वजन किती होतं, किती झालं? काहीच लिहिलं नाही बाप्पा.

रानभाजी: शेवग्याचा पाला सावलीत वाळवून पिठात टाका. आमचा पोट्टा यावरच सुधारला, कुठं न्यायची गरज नाही.

जवसचटणी: पाला चांगलाच, पण लेकराचं पोट मुठीएवढं, त्यात तेल-तूप गेलं पाहिजे. अन् टीएचआरची, म्हणजे अंगणवाडीतून लेकरासाठी घरी मिळणाऱ्या आहाराची, पाकिटं अख्खं घर खाते, ते आधी बंद करा.

कास्तकार७१: घर काहून खाते तेही बघा ना ताई. तूर आमच्याच वावरात पिकते, देणं फेडायला विकावी लागते, अन् लेकराच्या ताटात पातळ पाणी वरण. मजूर तर डाळ विकतच घेते.

मेडिकलवाला: प्रोटीन पावडर द्या, महिन्यात फरक.

पैनगंगा: रेशनकार्डात पोरीचं नाव चढवलं का? आधार काढून ठेवा.

धागाकर्ता: २० महिन्यांची आहे. ६ किलो ९०० होती, आता ७ किलो ३००. दंडाची पट्टी लाल आली. टीएचआर तोंडात घेत नाही, नुसती पडून राहते. पाय भरले म्हणून आजी खूश आहे.

सिस्टर_यवतमाळ: पाय भरले नाहीत, सूज असेल. दोन्ही पावलांवर अंगठा ३ सेकंद दाबा, खड्डा राहिला तर वाढलेलं वजन पाण्याचं आहे. लाल पट्टी म्हणजे दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या आत, सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषण. त्यात भूक मेली. पावडर-बिवडर कोंबू नका, इतक्या अशक्त लेकराला एकदम जास्त दिलं तर जिवावर बेतते. पोषण पुनर्वसन केंद्रात थोडं थोडं दूध दोन-दोन तासांनी देऊन सुरुवात करतात.

मेडिकलवाला: डॉक्टरही लिहून देतात पावडर.

सिस्टर_यवतमाळ: भाऊ, सूज आलेल्या लेकराला नाही. आईला तिथं जेवण अन् बुडीत मजुरी मिळते, पासबुक सोबत न्या.

सातपुडा: मजुरी मिळते पण आम्हाला तीन महिन्यांनी मिळाली. आम्ही वेचणीपायी चौथ्या दिवशी पोराला उठवून आणलं होतं, आठवड्यात परत न्यावं लागलं, तेव्हा जास्तच खराब झालता. १४ दिवस काढाच.

धागाकर्ता: दाबून पाहिलं. दोन्ही पायांवर खड्डा राहिला. भाऊजी वावरात, फोन लागत नाही. १०८ फक्त ॲक्सिडेंटला येते का?

सिस्टर_यवतमाळ: यालाही येते, लावा. गुंडाळून ठेवा, थंडी लागू देऊ नका. अंगावर पीत असेल तर पाजत राहा.

धागाकर्ता: पिते. लावतो.

रानभाजी: पाल्याचं मी बोलले ते सोडा. घरी दुसरं लेकरू आहे का?

धागाकर्ता: मोठा पाच वर्षांचा आहे, त्याला माझ्याकडं ठेवून घेतो. गाडी निघाली म्हणे.