प्रोसेसरचं क्लॉक कुणाच्या ताब्यात: इनपुटच्या की त्याच्या स्वतःच्या?

मंद्रसप्तक

घरी तीन-वे अ‍ॅक्टिव्ह स्पीकर (खालचा, मधला आणि वरचा पट्टा वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरवर) बांधणाऱ्यांकडे एडीएयू-१४५२ या ध्वनी-प्रोसेसर चिपचे बोर्ड दिसतात. बोर्ड हातात आला की पहिली अडचण येते ती इनपुट आणि क्लॉकच्या, म्हणजे सॅम्पलचा ठेका धरणाऱ्या सिग्नलच्या, सेटिंगची. त्यावर नेहमी मिळणारा सल्ला असा: कोअरचा (चिपमधल्या गणित करणाऱ्या भागाचा) स्टार्ट पल्स, म्हणजे दर सॅम्पलला सुरू होण्याचा इशारा, एसपीडीआयएफ (घरगुती डिजिटल ऑडिओ इनपुट) रिसीव्हरकडून घ्या, म्हणजे प्रोसेसर इनपुटच्या क्लॉकवर चालेल आणि एकही बिट बदलणार नाही.

घरच्या वापरासाठी मला हा सल्ला साफ अमान्य आहे. फिल्टरचे कोएफिशंट (त्याच्या गणितातले आकडे) एका ठरावीक सॅम्पल रेटसाठी (सेकंदाला किती सॅम्पल) काढलेले असतात. ४८ किलोहर्ट्झ धरून २००० हर्ट्झचा क्रॉसओव्हर (आवाजाचे पट्टे स्पीकरांत वाटणारा फिल्टर) केला आणि टीव्ही काढून सीडी प्लेअर लावला, तर कोअर ४४.१ वर जातो आणि तोच क्रॉसओव्हर १८३७ हर्ट्झवर सरकतो. डिलेचंही तेच. ४८ सॅम्पल म्हणजे १ मिलिसेकंद, तो १.०९ होतो. मापनाचा माइक लावून, रात्र रात्र बसून जुळवलेलं सगळं सोर्स बदलताच बिघडतं, आणि स्क्रीनवरचे आकडे मात्र तेच दिसत राहतात.

माझं म्हणणं: १२.२८८ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल, कोअर कायम ४८ वर, आणि प्रत्येक डिजिटल इनपुट एएसआरसीमधून, म्हणजे आलेले सॅम्पल आपल्या क्लॉकवर नव्याने मोजून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून. या चिपमध्ये असे आठ स्टिरिओ कन्व्हर्टर आहेतच. त्यांची डायनॅमिक रेंज १३९ डेसिबलपर्यंत आहे. १६ बिटच्या सीडीची जेमतेम ९८. मग नेमकं काय गमावतो आपण?

सोल्डरधूर

गमावतो ते असं, की आलेला प्रत्येक सॅम्पल पुन्हा मोजून काढलेला असतो. सोर्स एकच असेल, समजा लॅपटॉपला जोडलेला यूएसबी-टू-आयटूएस बोर्ड (यूएसबीवरचा आवाज चिपला थेट घेता येईल अशा सिग्नलमध्ये देणारा), तर एएसआरसीची गरजच काय? चांगल्या बोर्डांवर दोन ऑसिलेटर असतात: ४४.१ च्या घराण्यासाठी २२.५७९२ मेगाहर्ट्झ आणि ४८ च्या घराण्यासाठी २४.५७६. असिंक्रोनस यूएसबीत कॉम्प्युटर बोर्डाच्या वेगाने डेटा पाठवतो. क्लॉक तिथेच स्वच्छ आहे, ते सोडून दुसरं का धरायचं?

क्रॉसओव्हर सरकण्याचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. कोएफिशंटचे दोन संच ठेवा. मायक्रोकंट्रोलरने रेट ओळखावा आणि योग्य संच लोड करावा.

मंद्रसप्तक

दोन संच कागदावर बरे वाटतात. खोलीत सोफा हलवला, ६३ हर्ट्झचा एक इक्यू बदलला, की तो बदल दोन्हीकडे करायचा. सहा महिन्यांनी त्यातला एक संच मागे पडलेला असतोच. शिवाय रेट बदलताना लॉक (इनपुटच्या क्लॉकशी जमलेला मेळ) सुटतं, म्यूट, लोड, परत अनम्यूट. गाण्यांच्या यादीत ४४.१ आणि ४८ मिसळलेले असतील तर हे दर दुसऱ्या गाण्याला.

एकच सोर्स, एकच रेट असेल तर तुमचं बरोबर आहे. पण दिवाणखान्यात टीव्ही असतो, सेट-टॉप बॉक्स असतो, पाहुण्याचा फोन असतो. प्रत्येकाचं क्रिस्टल वेगळं. दोघांत ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असला तरी ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला २.४ सॅम्पल जास्त किंवा कमी पडतात. एएसआरसी नसेल तर ते टकटक होऊन ऐकू येतात.

विंगेतला

मी नाटकांना साउंड करतो, म्हणून वेगळ्या बाजूने बोलतो. घराचा नियम हॉलमध्ये आणू नका, ही कळकळीची विनंती. "प्रत्येक प्रोसेसर आपल्या क्लॉकवर आणि इनपुटला एएसआरसी" ही सवय घेऊन येणारी मुलं मला भेटतात.

आमच्याकडे मिक्सर मास्टर. स्टेजबॉक्स त्याच्याकडून क्लॉक घेतो, स्पीकरचा प्रोसेसरही एईएस या व्यावसायिक डिजिटल इनपुटवरून तेच क्लॉक धरतो. कन्व्हर्टर मध्ये आला की थोडा डिले येतोच, आणि तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा. मेन स्पीकर एका प्रोसेसरवर, फ्रंट फिल (पुढच्या रांगांसाठीचे स्पीकर) दुसऱ्यावर, आणि दोघांत १ मिलिसेकंदाचा फरक पडला, तर उशिरा वाजणारा स्पीकर ३४ सेंटिमीटर मागे ढकलल्यासारखा आहे. पहिल्या रांगांना शब्द फाटलेला ऐकू येतो. संगीत नाटकात नट कानात मॉनिटर लावून गातो तेव्हा वाटेतला प्रत्येक मिलिसेकंद त्याच्या सुराशी खेळतो.

डँटेवाल्यांनीही (नेटवर्कवरून आवाज पाठवण्याची पद्धत) हेच पाळलं आहे. नेटवर्कवरचं एक डिव्हाइस आपोआप लीडर होतं, बाकीची पीटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या नियमाने) त्याच्यामागे चालतात. वर्ड क्लॉकची (फक्त क्लॉक वाहणारी) केबल ओढत असाल तर ती ७५ ओहमची हवी आणि टर्मिनेशन (केबलच्या टोकाला लावायचा रेझिस्टर) फक्त शेवटच्या यंत्रावर. मधल्याच यंत्राचं टर्मिनेशन चालू राहिलं तर सिग्नल अर्धमेला होतो आणि दोष भलत्याच मशीनवर जातो.

रेणुका

क्लॉकवर एवढं बोलणं झालं, पण इनपुटमध्ये काय येतंय याबद्दल कुणीच बोललं नाही. टीव्हीच्या ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल येत असेल तर क्लॉक उत्तम लॉक होतं, दिवा हिरवा लागतो, आणि प्रोसेसर तो कॉम्प्रेस्ड डेटा पीसीएम (साधे, कॉम्प्रेस न केलेले सॅम्पल) समजून वाजवतो. स्पीकरमधून जवळजवळ पूर्ण ताकदीचा खरखराट. ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये ट्वीटर (वरच्या पट्ट्याचा छोटा स्पीकर) थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला असतो, त्याचं काय होईल?

आधी टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउटपुट पीसीएमवर टाका. मग चॅनल स्टेटसमधला (आवाजासोबत येणाऱ्या माहितीतला) नॉन-पीसीएमचा बिट वाचून म्यूट करण्याची सोय करा. क्लॉक कुणाचं हा वाद त्यानंतर.

सोल्डरधूर

रेणुका, एकदम मान्य. पण सगळी उपकरणं तो बिट इमानदारीने लावत नाहीत, म्हणून मी ट्वीटरला सिरीजमध्ये एक कपॅसिटर ठेवतोच.

मंद्रसप्तक, अजून एक. कोअर कायम ४८ वर म्हणजे ९६ च्या रेकॉर्डिंगचा २४ किलोहर्ट्झच्या वरचा भाग गेला.

मंद्रसप्तक

गेला, आणि मला त्याची खंत नाही. ४८ वर या कोअरला दर सॅम्पलला ६१४४ इन्स्ट्रक्शन मिळतात, ९६ वर ३०७२. ती उरलेली ताकद मी खालच्या पट्ट्यातल्या एफआयआर फिल्टरला (खूप गणित लागणारा फिल्टर) देईन, जिथे खोली खरोखर घोटाळा करते.

विंगेतला, हॉलबद्दल तुमचं म्हणणं पटलं. मिक्सर आणि प्रोसेसर एकाच हाताखाली असतील तर एकच क्लॉक. पण मध्यंतरात कुणी लॅपटॉपची डिजिटल केबल थेट मिक्सरला लावायला आला, तर त्या एका इनपुटला एएसआरसी लावणार की सगळा हॉल त्याच्या क्लॉकवर नेणार?

विंगेतला

त्या इनपुटला एएसआरसी, आणि तोही नसेल तर ॲनालॉगमधून. हॉल कुणाच्या लॅपटॉपवर लॉक करणार नाही. तुमच्या घरच्या मांडणीतही एक तपासून घ्या: अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवून, आउटपुटवर मीटर लावून, ऑप्टिकल केबल वाजत्या गाण्यात उपसा आणि परत घाला. लॉक सुटताना म्यूट आधी लागतो की टोला आधी जातो, ते तिथेच दिसेल.