क्लेअर, 1828: जिंकला ओकॉनेल, मत गेलं कुळांचं

कूळकायदा
आयर्लंडचा क्लेअर काउंटी हा दोन जागांचा मतदारसंघ 1801 ते 1885 पर्यंत होता. मग त्याचे पूर्व आणि पश्चिम असे तुकडे झाले. त्याची ओळख 1828च्या पोटनिवडणुकीची. इथले खासदार वेसी-फिट्झजेराल्ड मंत्री झाले म्हणून त्यांना पुन्हा निवडून येणं भाग होतं. समोर कॅथलिक नेता डॅनियल ओकॉनेल. कॅथलिकाला उभं राहायला बंदी नव्हती, अडचण सभागृहातल्या, कॅथलिक श्रद्धेविरुद्धच्या शपथेची. निकाल 2057 विरुद्ध 982. एप्रिल 1829 मध्ये कॅथलिकांना संसद खुली झाली. पण सोबतच्या कायद्याने काउंटीतली मतदानासाठीची जमिनीच्या वार्षिक उत्पन्नाची अट 40 शिलिंगवरून (म्हणजे 2 पौंड) 10 पौंडांवर नेली. आयर्लंडभरचे काउंटी मतदार सुमारे 2,16,000 वरून 37,000 वर आले. ज्यांनी निवडून दिलं, त्यांचंच मत काढून घेतलं. माझ्या मते हा सौदा अन्यायाचा होता.

हयातीचा_पट्टा
असहमत. ही मतं मुळात जमीनदारांनीच पेरलेली. 1793 मध्ये कॅथलिकांना मताधिकार मिळाल्यावर त्यांनी कुळांना हयातीचे पट्टे भराभर लिहून दिले. खंड वजा जाता वर्षाला 40 शिलिंग उरतात असं दाखवलं की एक मत तयार! मतदान तोंडी, उघड्यावर. कारभारी ऐकायला शेजारीच उभा. 10 पौंडांचा मतदार निदान स्वतःच्या पायावर उभा होता.

कूळकायदा
मग 1826 ला वॉटरफर्ड काउंटीत आणि 1828 ला क्लेअरच्या एनिस गावी झालेल्या मतदानात याच कुळांनी मालकाविरुद्ध मत कसं दिलं? पेरलेली म्हणून नव्हे, मालकावर फिरली म्हणून ही मतं कापली. ओकॉनेलने तर कॅथलिकांना संसद खुली करण्याच्या 1825च्या विधेयकाच्या वेळीच ही अट मान्य केली होती.

हयातीचा_पट्टा
1825चं खरं आहे, त्याचा बचाव मी करणार नाही. पण वॉटरफर्डनंतर काय झालं तेही पाहा. खंडाची थकबाकी ठेवायची तिथे रीतच होती. मालकाने ती एकदम मागितली की कूळ रस्त्यावर. ओकॉनेलच्या कॅथलिक असोसिएशन या संघटनेला अशा कुळांसाठी निधी उभारावा लागला. दर निवडणुकीला हे कसं परवडणार?

कूळकायदा
त्यावर उपाय गुप्त मतदान होता, मतदार कापणं नव्हे. ते आलं 1872 मध्ये. शिवाय नवा कायदा मागच्या निवडणुकीला लागू नव्हता. 15 मे 1829 रोजी ओकॉनेलने जुनी शपथ नाकारली, जागा रिकामी झाली, आणि जुलैत तो क्लेअरमधूनच बिनविरोध आला. तेव्हा 40 शिलिंगवाल्यांची नावं यादीत उरली नव्हती.