पुणे–नागपूर: परवडणारी बस कोणती? एसटी की ट्रॅव्हल्स?

मूळ नागपूरकर

ऑफिसात परवा यावरून जोरदार वाद झाला, म्हणून इथे मांडतो. सहकाऱ्याचं म्हणणं असं: 'ट्रॅव्हल्सचं सीटर तिकीट आठशेला मिळतं, मग एसटीला जास्त पैसे कोण देईल?' मला हे अजिबात पटलं नाही.

एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं. एक टप्पा 6 किलोमीटरचा. 25 जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या बसला टप्प्यामागे 10 रुपये 5 पैसे पडतात. अंतर सातशे किलोमीटर धरलं तर 117 टप्पे, म्हणजे साधारण 1,175 रुपये. एकट्या पुरुषाला ट्रॅव्हल्स स्वस्त, हे मान्य.

पण आम्ही जातो तिघं. आई 68 वर्षांची, तिला ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट. बायकोला महिला सन्मान योजनेतून अर्धं, 17 मार्च 2023 पासून. माझं पूर्ण. तिघांचे मिळून 2,350. ट्रॅव्हल्सचे तीन आठशे म्हणजे 2,400. आई पंचाहत्तरीची झाली की तिचं तिकीटच लागणार नाही.

आणि आठशेचा भाव असतो तरी कधी? आडवारी, मंगळवार-बुधवारी. पुण्यात पोटापाण्यासाठी आलेला विदर्भातला माणूस गावी जातो दिवाळीला, महालक्ष्म्यांना, घरच्या लग्नाला. दोन वर्षांपूर्वी वसुबारसेच्या रात्री मी एका बर्थचे 3,400 रुपये मोजले. बर्थ मागच्या चाकावरचा, वरचा. जालन्यापर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही, प्रत्येक खड्ड्याला कठडा धरून बसत होतो. त्या दिवसापासून मी तिकीट स्वस्त की महाग हे सणाच्या आठवड्यातला भाव बघूनच ठरवतो.

हॉस्टेल नंबर चार

काका, तुमचा हिशेब तुमच्या घरापुरता बरोबर आहे. मी 20 वर्षांचा मुलगा, मला कसलीच सवलत नाही. वर्षातून चार-पाच वेळा घरी जातो आणि मुद्दाम सण टाळून जातो, कारण दिवाळीचा भाव मलाही झेपत नाही. माझ्यासाठी जाऊन-येऊन साडेसातशे रुपये वाचतात, ते मेसचे आठ-दहा दिवस आहेत.

दुसरं म्हणजे वेळ. ट्रॅव्हल्स समृद्धीला लागली की सकाळी आठ-नऊला नागपूर. साधी एसटी गावोगावच्या स्टँडात आत शिरते, कंट्रोलरकडे नोंद होते, मग बाहेर. रात्री दोनला स्टँडातले दिवे डोळ्यावर येतात आणि 'चला, दहा मिनिटं!' कानावर पडतं. सोमवारी सकाळी प्रॅक्टिकल असेल तर तसं बसून जाणं मला जमत नाही.

वर्धेची लेक

मी एकटी प्रवास करते आणि अर्धं तिकीट असूनही कधीकधी ट्रॅव्हल्सच घेते, हे आधी सांगते. स्टँडवरची स्वच्छतागृहं हे त्याचं खरं कारण. तिथे पाणी नसतं, कडी नसते. अर्ध्या तिकिटाने बायका एसटीकडे आल्या, आता त्यांच्यासाठी एवढं तरी करा.

पण ट्रॅव्हल्सचा एक अनुभव विसरता येत नाही. उतरण्याची जागा तिकिटावर होती चौकातली. पहाटे साडेचारला बायपासवर गाडी थांबवली, 'आत जात नाही, इथेच उतरा'. अंधार, बाजूला बंद पेट्रोल पंप, हातात दोन बॅगा. रिक्षावाल्याने तीनशे घेतले. ते तीनशेही त्या स्वस्त तिकिटातच धरायला नकोत का? एसटी काहीही झालं तरी स्टँडात नेऊन सोडते. तिथे चहाची टपरी उघडी असते, चार माणसं असतात.

चाकावरचं घर

माझ्या वडिलांनी बावीस वर्षं खासगी बस चालवली, म्हणून दुसरी बाजू सांगतो. दिवाळीच्या आधी पुण्याहून गाडी भरून जाते, पण परत येताना निम्म्या सीट रिकाम्या. भाऊबीजेनंतर उलटं. डिझेल आणि टोल दोन्ही बाजूंचा लागतो. पावसाळ्यात गाडी उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता आणि टॅक्स थांबत नाही. सणाच्या पंधरा दिवसांत मालक वर्षाची तूट भरून काढतो. सगळे लुटारू नाहीत हो. आणि एसटीच्या जादा गाड्या अपुऱ्या पडतात तेव्हा हजारो लोकांना घरी कोण पोहोचवतं, तेही बघा.

मूळ नागपूरकर

दादा, रिकाम्या फेरीचं कारण खरं आहे, नाकारत नाही. म्हणून तर शासनाने मोकळीक ठेवली आहे. 27 एप्रिल 2018 च्या निर्णयानुसार खासगी बसला त्याच प्रकारच्या एसटीच्या दीडपट भाडं घेता येतं. आता बघा: 2025 च्या वाढीव दराने वातानुकूलित सीटर शिवशाहीचा टप्पा 14 रुपये 20 पैसे, 117 टप्प्यांचे 1,661. त्याची दीडपट साधारण 2,490. माझ्याकडून 3,400 घेतले. बर्थचे थोडे जास्त धरले तरी वरचे एवढे पैसे कोणत्या तुटीचे?

हॉस्टेल नंबर चार

हा नियम मला माहीतच नव्हता. पण तिकीट ॲपवर काढलं, समोर भाव दिसत होता आणि आपणच 'पुढे जा' दाबलं. मग तक्रार कुणाविरुद्ध करायची?

वर्धेची लेक

बस चालवणाऱ्याविरुद्ध, आरटीओकडे. भाव दिसत होता म्हणून तो नियमात बसत नाही. तिकिटाचा स्क्रीनशॉट, गाडीचा नंबर आणि तारीख जपून ठेव, त्यावाचून कुणी ऐकून घेत नाही.

आडगावचा प्रवासी

सगळे पैशांवरच बोलताय म्हणून लिहितो. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली, 25 जण गेले. गाडी दाराच्या बाजूवर पडली होती. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. तेव्हापासून मी बसमध्ये चढलो की आधी आपत्कालीन खिडकी कोणती आणि हातोडी जागेवर आहे का ते बघतो. गेल्या महिन्यात एका स्लीपरमध्ये हातोडीची नुसती चौकट होती. क्लीनरला विचारलं तर म्हणाला, 'चोरीला जाते, म्हणून काढून ठेवली.' मी उतरलो, पैसे बुडाले. एसटीत तिकिटामागे एक रुपया अपघात सहायता निधीला जातो आणि मृत्यू झाला तर घरच्यांना दहा लाखांपर्यंत मदत मिळते, हेही धरा.

चाकावरचं घर

हातोडीबद्दल शंभर टक्के बरोबर, ते अक्षम्य आहे. पण एसटीच्या जुन्या गाड्यांत आपत्कालीन दार उघडून बघितलंय कधी? मी बघितलंय, गंजून बसलं होतं. तपासायचं तर दोन्हीकडे तपासा.

मूळ नागपूरकर

कबूल. पुढच्या वेळी एसटीतलंही दार बघेन, आणि नाही उघडलं तर डेपोत लेखी देईन. महालक्ष्म्यांसाठी आमची तीन तिकिटं मात्र एसटीचीच काढली आहेत, वाकडेवाडीहून. आईला खिडकी मिळाली आहे.

हॉस्टेल नंबर चार

मी त्याच आठवड्यातल्या बुधवारी जातोय, ट्रॅव्हल्सने, 850 रुपयांत. हातोडी बघून बसेन.