ड्रेस्डेनहून प्राग: शनिवार-रविवारचा बेत तपासून द्याल का?

एल्बेकाठी:
नमस्कार मंडळी. आम्ही तिघे विद्यार्थी शनिवारी सकाळी ड्रेस्डेनहून निघून रविवारी रात्री परतणार. शनिवारी जुनं शहर, ज्यू वस्ती आणि चार्ल्स पूल, रविवारी सकाळी किल्ला आणि कॅथीड्रल, असं ठरवलंय. तिघांकडे डॉइचलांडटिकेट (जर्मनीतल्या स्थानिक गाड्यांचा पास) आहे, ते कुठवर चालतं? युरो चालतील की चेक कोरुना काढायचे? एक जण शाकाहारी आहे, अंडं खातो.

पायपीट:
दिवसांची अदलाबदल करा, नाहीतर दोन्हीकडे दार बंद मिळेल. ज्यू संग्रहालयाच्या अखत्यारीतली सगळी ठिकाणं, म्हणजे पिंकास सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), जुनी दफनभूमी वगैरे, शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, शनिवारी बंद असतात. आणि सेंट व्हिटस कॅथीड्रल रविवारी प्रार्थनेमुळे दुपारी १२ नंतरच पर्यटकांना उघडतं. म्हणून शनिवारी किल्ला, रविवारी सकाळी ज्यू वस्ती.

किल्ल्याला खालून चढत जाऊ नका. २२ नंबरच्या ट्रामने थेट वर पोहोझेलेत्सला उतरा आणि स्त्राहोव्ह मठ, लोरेटा हे तीर्थस्थान करत उतरत या. किल्ल्याच्या आवारात फिरायला पैसे पडत नाहीत, तिकीट आतल्या इमारतींचं. ते दोन दिवस चालतं, पण प्रत्येक इमारतीत एकदाच प्रवेश. २६ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना सवलत आहे, फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं.

आत गेल्यावर आधी कॅथीड्रल, कारण रांग तिथेच वाढते आणि हिवाळ्यात ते लवकर बंद होतं. १३४४ साली सुरू झालेलं बांधकाम १९२९ मध्ये पुरं झालं, त्यामुळे मागचा भाग चौदाव्या शतकातला आणि दर्शनी मनोरे तुलनेनं कालपरवाचे. चित्रकार आल्फोन्स मुखाची रंगीत काच डाव्या बाजूला आहे, ती चुकवू नका. मग जुना राजवाडा. तिथल्या व्लादिस्लाव दालनात घोड्यावरून झुंजी होत, म्हणून घोडेस्वारांसाठी बांधलेला रुंद, बुटक्या पायऱ्यांचा जिना बघा. शेजारच्याच कचेरीच्या खिडकीतून २३ मे १६१८ रोजी सम्राटाच्या कारभाऱ्यांना खाली फेकलं आणि तीस वर्षांचं युद्ध पेटलं. सुवर्ण गल्ली सगळ्यात शेवटी ठेवा. २२ नंबरच्या निळ्या घरात १९१६-१७ मध्ये लेखक काफ्का लिहायला येत असे. दिवसाचे प्रवेशतास संपल्यावर गल्लीत फुकट जाता येतं, फक्त घरं आतून बघायला मिळत नाहीत.

पूर्वेच्या दारातून जुन्या पायऱ्या उतरलात की मालोस्त्रान्स्का मेट्रो स्टेशन. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये गेलात तर तिथली वॉलेनस्टाइन बाग फुकट आहे, मोरही आहेत. चार्ल्स पूल मात्र रविवारी सकाळी सातच्या आत गाठा. ५१६ मीटर लांब आणि ३० पुतळे. दहानंतर पुतळ्यांपेक्षा सेल्फी-काठ्याच जास्त दिसतात. पुलावरून ज्यू वस्ती दहा मिनिटांवर. पिंकासच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार बोहेमियन-मोरावियन ज्यूंची नावं हातानं लिहिलेली आहेत. दफनभूमीची वाट तिथूनच जाते. तिथे घाई करू नका. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, टोपी दारात मिळते.

रूळकरी:
डॉइचलांडटिकेट युरोसिटी या लांब पल्ल्याच्या गाडीत चालत नाही, जर्मन हद्दीतही नाही. त्यावर जायचं तर एस१ लोकलने बाड शांडाऊ, तिथून यू२८ लोकलने चेक हद्दीतलं डेचीन, पुढे चेक गाडी. सीमेपुढचं तिकीट वेगळं. एक जोडगाडी चुकली की निम्मी सकाळ गेली, आणि उन्हाळ्यात शनिवारी एस१ गिर्यारोहकांनी गच्च असते. त्यापेक्षा सरळ युरोसिटी घ्या: अडीच तासांच्या आत प्राग, साधारण दर दोन तासांनी गाडी. एकाच गाडीचं तिकीट जर्मन आणि चेक अशा दोन्ही रेल्वेंच्या साइटवर बघा, चेककडे बरेचदा स्वस्त पडतं. मात्र सवलतीचं तिकीट त्याच गाडीपुरतं असतं. जाताना डावीकडे बसा, नदी त्या बाजूला. होलेशोविट्से हे आधीचं स्टेशन. तुम्ही उतरायचं ह्लाव्हनी नाद्राझीला, म्हणजे मुख्य स्टेशनवर.

पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड दोन्ही मूळ प्रती बरोबर हव्यात. परतताना सीमेवर जर्मन पोलीस गाडीत चढून तपासतात, फोनमधला फोटो पुरत नाही.

सुट्टे_पैसे:
काही दुकानदार युरो घेतात, पण स्वतःच्या दरानं, आणि सुटे कोरुनात देतात. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. थोडी रोख बँकेच्या स्वतःच्या एटीएममधून काढा. यंत्रानं 'युरोत रूपांतर करू का?' विचारलं तर नाही म्हणा आणि कोरुनाच निवडा. खरी चाट तिथेच बसते. पैसे बदलून देणाऱ्या दुकानांवरची '० टक्के कमिशन' ही पाटी वाचून खुश होऊ नका, कमाई दरातच केलेली असते. अशा दुकानात फसल्याचं लक्षात आलंच तर पावती घेऊन तीन तासांच्या आत परत जा. १००० युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करून घ्यायचा कायदेशीर हक्क आहे.

मेट्रोला फाटक नसतं, म्हणून नवखे तिकीट न छापताच, म्हणजे त्यावर वेळेचा शिक्का न मारताच, आत जातात आणि साध्या कपड्यातल्या तपासनिसाला सापडतात. कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात एकदाच छापायचं. ट्राममधल्या यंत्रावर कार्डानं घेतलेलं तिकीट मात्र लगेच लागू असतं, ते छापायचं नाही.

एल्बेकाठी:
वाचलो! जुन्या शहरातलं ते खगोलीय घड्याळ उभं राहून बघण्यासारखं आहे का?

पायपीट:
तासाच्या ठोक्याला प्रेषितांच्या बाहुल्या फिरतात, मिनिटभरात खेळ खलास. तेवढ्यासाठी गर्दीत खिसा कापून घेऊ नका. तबकडी बघायला मात्र पाच मिनिटं द्या, त्यासाठी ठोका गाठावा लागत नाही. १४१० चं यंत्र सूर्याची रास, चंद्राची कला, नाक्षत्रकाल (ताऱ्यांवरून मोजलेली वेळ) सगळं दाखवतं. बाहेरचं कडं सूर्यास्तापासून तास मोजतं. आपल्या पंचांगाशी रास जुळवायला जाल तर चुकेल: इथली सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली आहे, सूर्य २१ मार्चच्या सुमारास मेषेत शिरतो, आपला १४ एप्रिलच्या आसपास.

खादाड_खुशाल:
स्वस्त 'पोलेद्नी मेनू' फक्त कामाच्या दिवशी असतो, शनिवार-रविवारी शोधू नका. शाकाहाऱ्यासाठी स्माझेनी सीर, म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेलं चीज आणि बटाटे, सहज मिळतं. ब्राम्बोराक हा लसूण घातलेला बटाट्याचा घावन. त्यात कधी डुकराच्या चरबीचे तुकडे असतात, विचारून घ्या. सूप तर बहुतेक मांसाच्या पाण्यातलंच. 'बेझ मासा' म्हणा: मासा म्हणजे मासळी नव्हे, मांस, आपल्या शब्दाचाच चुलतभाऊ. आणि जर्मनीसारखं नाही, सुपरमार्केट रविवारी उघडी असतात, परतीच्या गाडीसाठी पाव-चीज तिथूनच उचला.