मदत हवी आहे: अनोळखी माणसाशी भांडण मध्येच कसं सोडायचं?

मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. परवा एकाला ऑनलाइन एवढंच लिहिलं, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, जुन्या मशीनवर लिनक्स ही फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम टाका. गडी तिथनं राजकारणावर, मग धर्मावर. वर म्हणतो, आरक्षण १९५० नंतर आलं! शाहू महाराजांच्या गावात बसून हे ऐकून घ्यायचं? १९०२ चा ५० टक्क्यांचा जाहीरनामा दाखवला, तर म्हणे पुरावा दे. रात्रीचे दोन वाजले. ताटात तांबडा रस्सा गार, वर तेल थिजलेलं. बायको म्हणाली, "त्याचं नाव तरी माहीत आहे का?" नव्हतं.

ब्लॉक केलं की हरल्यासारखं वाटतं. तुम्ही काय करता? फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघितला, उठून जातोच.