एटीएमआर्पच्या तक्त्यात नोंद आहे, पॅकेट येताना आणि जाताना दिसतात, तरी पिंग लागत नाही

प्रश्न

लिनक्सच्या एका यंत्रात एटीएम (माहिती ‘सेल’ नावाच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत नेणारे नेटवर्क-तंत्र) पद्धतीचे कार्ड बसवलेले असून ते यंत्र एका एटीएम स्विचमार्फत पलीकडच्या राउटरशी जोडायचे आहे. मधले सर्किट कायमस्वरूपी, म्हणजे पीव्हीसी प्रकारचे आहे. सिग्नलिंग, म्हणजे गरजेनुसार सर्किट आपोआप जोडण्याची सोय, नाही आणि आयपी पत्त्यावरून एटीएम पत्ता सांगणारा एटीएमएआरपी सर्व्हरही नाही. कोणता आयपी पत्ता कोणत्या सर्किटावर आहे याचा तक्ता सांभाळणारा एटीएमआर्पडी हा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम, मी प्रथम सुरू केला, नंतर ‘एटीएमआर्प -सी एटीएम०’ या आज्ञेने इंटरफेस तयार केला, त्याला १९२.०.२.१ हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा नेटमास्क दिला आणि शेवटी पुढील आज्ञा चालवली:

एटीएमआर्प -एस १९२.०.२.२ ०.०.१००

आज्ञेने कोणतीही तक्रार केली नाही. ‘एटीएमआर्प -ए’ दिल्यावर तक्त्यात १९२.०.२.२ हा पत्ता ०.०.१०० या सर्किटासमोर व्यवस्थित दिसतो. तरीही माझ्या बाजूने पिंग केल्यास एकही उत्तर येत नाही. मला सर्वांत चमत्कारिक वाटते ते पुढेच आहे. राउटर सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांनी त्यांच्या बाजूने पिंग केले, तेव्हा टीसीपीडंप या पॅकेट दाखवणाऱ्या साधनात त्यांच्या विनंत्या माझ्याकडे पोहोचताना स्पष्ट दिसल्या आणि माझ्या यंत्राने प्रत्येक विनंतीला उत्तर पाठवल्याचेही दिसले; राउटर मात्र शंभर टक्के पॅकेट हरवल्याचे सांगतो. त्यांच्याकडेही माझा आयपी पत्ता त्यांच्या सर्किटाशी हाताने जोडलेला आहे, असे त्यांनी तपासून कळवले आहे. सर्किट एकाच दिशेने चालते आहे, असे समजावे काय?

उत्तर १

सर्किटाचा क्रमांक फक्त त्या त्या दुव्यापुरताच खरा असतो, हे प्रथम लक्षात घ्यावे. आपल्या यंत्रापासून स्विचपर्यंत जे ०.१०० आहे, ते स्विचपासून राउटरपर्यंत ०.२०० असू शकते आणि त्यात काहीही गैर नाही. एटीएमआर्पला द्यायचा क्रमांक आपल्या बाजूचा. तीन आकड्यांतला पहिला कार्डाचा, दुसरा व्हीपीआय (मार्गाचा क्रमांक) आणि तिसरा व्हीसीआय (त्या मार्गातल्या वाहिनीचा क्रमांक). ‘दोन्ही टोकांना सारखाच आकडा हवा’ अशा समजुतीने चांगले चाललेले सर्किट बिघडवलेले मी पाहिले आहे. व्हीसीआय ३१ पर्यंतचे क्रमांक राखीव असतात, पण आपला १०० आहे, त्यामुळे ती अडचण नाही.

स्विचवर उलट दिशेची जोडणी राहून गेली नाही ना, एवढे एकदा पाहून घ्यावे. तसे असेल तर राउटरकडून सेल येतील, पण आपले सेल स्विचमध्येच टाकून दिले जातील, आणि आपण सांगितलेली लक्षणे याच्याशीही जुळतात.

उत्तर २

वरील शक्यता तपासण्यासारखी आहे. तथापि मला शंका येते ती एन्कॅप्सुलेशनची, म्हणजे पॅकेटावरच्या वेष्टनाची, आणि ती स्विचसमोर बसून काही मिनिटांत पडताळता येते.

इथर्नेटवर एआरपी समोरच्या यंत्राला विचारून पत्ता शोधतो. येथे पीव्हीसीवर ‘-एस’ने केलेली नोंद म्हणजे आपण स्वतः दिलेला शब्द आहे, तो खरा की खोटा हे कोणीही तपासत नाही. त्यामुळे तक्त्यात नोंद दिसणे याचा अर्थ एवढाच की सर्किट आपल्या बाजूने उघडले गेले. त्या नोंदीत पत्ता आणि सर्किट यांच्याशिवाय तिसरी गोष्टही दडलेली असते, ती म्हणजे आयपी पॅकेट सर्किटावर कशा वेष्टनात जाणार. काहीच सांगितले नाही तर एलएलसी/स्नॅप हे वेष्टन गृहीत धरले जाते. इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजांपैकी १९९४च्या आरएफसी १५७७ने आणि नंतर तिची जागा घेणाऱ्या १९९८च्या आरएफसी २२२५ने हेच मूळ वेष्टन ठरवले आहे. त्यात प्रत्येक पॅकेटाच्या पुढे ‘एए एए ०३ ०० ०० ०० ०८ ००’ असे आठ बाइट लागतात. आज्ञेच्या शेवटी ‘नल’ हा शब्द जोडला तर हे आठ बाइट गळतात आणि पॅकेट उघडेच जाते.

आपल्याला पडलेल्या कोड्याचे मूळ लिनक्सच्या उदारपणात आहे. आलेल्या पॅकेटाच्या तोंडाशी एलएलसीचे शीर्ष नसेल तर कर्नल ते फेकत नाही, ते सरळ आयपी पॅकेट मानून वर पाठवतो. म्हणून राउटरच्या उघड्या विनंत्या आपल्याला टीसीपीडंपमध्ये निर्दोष दिसतात. आपले उत्तर मात्र वेष्टनासह जाते. राउटर पहिल्या अर्ध्या बाइटात आयपीच्या आवृत्तीचा ४ शोधतो, त्याला तेथे ‘ए’, म्हणजे दहा सापडतो, आणि तो पॅकेट मुकाट्याने टाकून देतो. टीसीपीडंप या बाबतीत निरुपयोगी ठरतो, कारण तो वेष्टन चढण्याआधीचे आणि उतरल्यानंतरचे पॅकेट दाखवतो.

पडताळणी अशी करावी. राउटरवरून पूर्ण आयपी पॅकेट ८४ बाइटांचे राहील अशा आकाराचे १०० पिंग पाठवण्यास सांगावे आणि त्याआधी व त्यानंतर स्विचवर त्या सर्किटाचे दोन्ही दिशांचे सेल मोजावेत. उघड्या पॅकेटाचे ८४ बाइट आणि एएएल५च्या (पॅकेटाचे सेलमध्ये तुकडे करणाऱ्या थराच्या) शेपटीचे ८ मिळून ९२ होतात. एका सेलमध्ये ४८ बाइटांचा माल मावतो, म्हणून ते दोन सेलमध्ये बसतात. वेष्टनाचे आणखी ८ धरले की बेरीज १०० होते आणि तिसरा सेल लागतो. म्हणजे माझा तर्क बरोबर असेल तर राउटरकडून सुमारे २०० सेल येतील आणि आपल्याकडून सुमारे ३०० जातील. दोन्हीकडे ३०० आले तर माझा तर्क चुकला असे समजावे आणि उत्तर १कडे वळावे. ८४ हाच आकार धरण्याचा आग्रह यासाठी, की १०० बाइटांच्या पॅकेटला दोन्ही प्रकारांत तीनच सेल लागतात आणि फरक झाकला जातो. देखभालीचे म्हणजे ओएएमचे काही सेल मध्ये मिसळतात, म्हणून पाच-दहा पिंगवर विसंबू नये.

तर्क खरा ठरल्यास ‘एटीएमआर्प -डी १९२.०.२.२’ने जुनी नोंद काढून ‘एटीएमआर्प -एस १९२.०.२.२ ०.०.१०० नल’ अशी नवी करावी.

उत्तर ३

उत्तर २मधील निदान मला पटते. उपाय मात्र तात्पुरताच मानावा, असे सुचवतो. ‘नल’ ठेवल्यास त्या सर्किटावर आयपीखेरीज दुसरे काहीच जाऊ शकत नाही, कारण आत काय आहे हे सांगणारे शीर्षच उरत नाही. उलटा एआरपी, म्हणजे सर्किटाच्या पलीकडचा आयपी पत्ता विचारून घेण्याची पद्धत, त्याच शीर्षाच्या आधाराने चालतो, त्यामुळे पुढे राउटरने समोरचा पत्ता स्वतः विचारून घ्यावा असे वाटले तरी तो मार्ग बंद राहील. दर वेळी आठ बाइट वाचतात हे खरे, परंतु त्यामुळे सेल नेहमीच वाचतो असे नाही, आणि त्या बचतीपायी सर्किट इतके संकुचित करणे मला योग्य वाटत नाही. शक्य असेल तर राउटरच्या बाजूलाच एलएलसी/स्नॅप करून घ्यावे.

आणखी एक सूचना. या नोंदींची सर्किटे एटीएमआर्पडी स्वतः उघडून धरून ठेवतो. तो डीमन बंद पडला किंवा यंत्र पुन्हा सुरू झाले की त्या जातात. म्हणून डीमन, ‘-सी’, इंटरफेसचा पत्ता आणि मग ‘-एस’ हा आपण पाळलेला क्रम तसाच सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घालावा. पत्ता देण्याआधी ‘-एस’ चालवल्यास समोरचा पत्ता कोणत्या इंटरफेसच्या सबनेटात बसतो हे डीमनला ठरवता येत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. स्विचवरची जोडणी दोन्ही दिशांनी योग्य निघाली. १०० पिंगनंतर राउटरकडून २०४ आणि माझ्याकडून ३०४ सेल गेल्याचे मोजणीत दिसले. वरचे चार दोन्हीकडे सारखेच असल्याने ते ओएएमचे असावेत. ‘नल’ जोडून नोंद केल्याबरोबर दोन्ही बाजूंनी पिंग लागले. उत्तर ३ वाचल्यावर सहकाऱ्यांशी बोलून राउटरवर एलएलसी/स्नॅप करून घेतले आणि मी ‘नल’ काढून टाकला.

त्यानंतर मोठ्या फाइली पाठवताना जोडणी अडकू लागली, तेव्हा माझ्याकडे एमटीयू (एका पॅकेटाचा कमाल आकार) मूळचाच ९१८० आणि राउटरवर ४४७० असल्याचे आढळले. एटीएम० वर ४४७० केल्यावर तेही थांबले. स्क्रिप्टमध्ये ती ओळ पत्ता देण्याच्या आज्ञेतच घातली आहे.